गद्याचा षड्ज

आमच्या घरात कुणीही हळू बोलत नसे. सोलापूरच्या पूर्वभागातले ते घर; पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे आणि मधल्या दाराला अम्माने लावलेला जुन्या चादरीचा पडदा. त्या पडद्याने धूळ थोडीफार अडत असे, आवाज मात्र मुळीच अडत नसे. आडवे सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आदळायचा, डोक्यावर नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ खडखडत फिरायची आणि त्या गदारोळातून अम्माकडे भाकरी मागायची तर ओरडण्यावाचून दुसरा मार्ग नसे. वीज गेली की सगळे माग एकदम थांबत, पण आमचे आवाज थांबत नसत. आपल्या घरातली भांडणे शेजाऱ्यांना वीज गेल्यावरच कळतात, असे नायना गमतीने म्हणत.

वडिलांना आम्ही नायना म्हणतो. पद्मशाली विणकरांचे आमचे कुटुंब तेलंगणातून इकडे आले त्याला चार पिढ्या झाल्या. घरात तेलुगू, गल्लीच्या तोंडाशी कन्नड, बाजारात दखनी आणि शाळेत मराठी, अशा चार भाषांमध्ये माझे बालपण गेले आणि त्या चारही भाषा मी सारख्याच मोठ्याने बोलत असे. गाणे मात्र मी दुसऱ्याच घरात शिकलो. नवी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचे गुरुजी शिकवत. ते इतके हळू बोलत की ऐकण्यासाठी पुढे सरकून बसावे लागे. पहिले दोन महिने त्यांनी मला षड्जाखेरीज, म्हणजे ‘सा’खेरीज, काहीही गाऊ दिले नाही, आणि माझा आवाज जरा चढला की ते तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या बंद करत. मग त्या शांततेत मलाच माझी लाज वाटे. अशा रीतीने एकाच गळ्यात दोन माणसे वाढली, एक बोलणारा आणि एक गाणारा. त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला पुढची कित्येक वर्षे आणि तीन मोठ्या भूमिका खर्ची पडल्या.

संगीत नाटकांतल्या त्या भूमिका म्हणजे ‘मानापमान’मधला धैर्यधर, ‘एकच प्याला’मधला सुधाकर आणि ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब. दिवसा विमा कार्यालयात हप्त्यांच्या पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी सायकल काढून तालमीला जायचे, असे माझे हौशी नटाचे आयुष्य. प्रयोगानंतर भेटायला येणारी माणसे एकच प्रश्न विचारतात: तीन तास एवढे गाता, तर गळा कसा टिकतो? प्रश्न आपुलकीचा असतो, म्हणून मी हसून काहीतरी उत्तर देतो. खरे उत्तर असे आहे की गाण्याने माझा गळा कधीच बसला नाही. तो बसला बोलण्याने.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. मूळ नाटकात पन्नासाहून अधिक पदे आहेत, आणि त्याआधी १८८० साली आलेल्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये तर ती दोनशेहून अधिक होती. नाटके रात्रभर चालत, प्रेक्षक उशाशी घोंगडी घेऊन येत, हे सगळे आपण ऐकलेले असते. आम्ही ‘मानापमान’ बसवले तेव्हा त्यातली सतराच पदे ठेवली, आणि तरीही मध्यंतरानंतर घड्याळाकडे पाहणारी माणसे मला रंगमंचावरून दिसत.

धैर्यधर हा सेनापती, गरीब घरातला, मानी. त्याच्या तोंडी असलेली पदे वीररसाची वाटतात, पण गाऊन पाहिल्यावर कळते की ती मुळात चपळाईची आहेत. ‘रवि मी’ म्हणताना छाती पुढे काढून जोर लावला की पुढच्या हरकती जड होतात आणि सूर्य ढगाआड जातो. त्या भूमिकेत १९२१ सालच्या ८ जुलैला मुंबईत केशवराव भोसले उभे राहिले होते आणि समोर नायिका भामिनीच्या वेषात बालगंधर्व होते. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मिळून केलेला तो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले, वयाच्या ३१व्या वर्षी. मी धैर्यधर पहिल्यांदा केला तेव्हा मीही ३१ वर्षांचा होतो. तालमीत हा योगायोग कुणीतरी बोलून दाखवला आणि अम्माने दुसऱ्याच दिवशी मार्कंडेयाच्या देवळात नारळ फोडला.

त्या भूमिकेचे आम्ही चौदा प्रयोग केले. अंगावर जरीचा अंगरखा, कमरेला तलवार, डोक्याला फेटा आणि सोलापूरचा एप्रिल. पण गळा चौदाव्या प्रयोगालाही पहिल्यासारखाच होता. पदांना हिशेब असतो. कुठे श्वास घ्यायचा, कुठली तान आज गाळायची, ‘वन्स मोअर’ आला तर पूर्ण पद घ्यायचे की नुसता अंतरा, हे आधी ठरवता येते. वन्स मोअर ही फार गोड लाच आहे. ती घेतली की तिची वसुली तिसऱ्या अंकात होते, हे मी दुसऱ्याच प्रयोगात शिकलो आणि पुढे सावध झालो. गद्याचा असा हिशेब असतो हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. कुणी सांगितले असते तरी ते मला पटले नसते, कारण बोलणे ही काही शिकण्याची गोष्ट आहे असे आमच्या घरात कुणाला कधी वाटलेच नव्हते.

संगीत नाटकात सगळ्यात अवघड जागा पदात नसते, ती पदाच्या उंबरठ्यावर असते. संवाद चालू असतो, शेवटचे वाक्य जवळ येते आणि खाली ऑर्गनवर, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे पायपेटी म्हणतात, मास्तर अगदी हलकेच सूर धरतात. नटाने आपले वाक्य त्या सुराच्या अंगणात आणून सोडायचे, म्हणजे बोलता बोलता गाणे कधी सुरू झाले ते प्रेक्षकाला कळत नाही. माझ्या बाबतीत ते लख्ख कळत असे. मी वाक्य कड्यावरून फेकायचो, मग क्षणभर थांबायचो, घसा साफ करायचो आणि गुरुजींच्या माडीवर जाऊन गाऊ लागायचो. एका वयस्कर गृहस्थांनी मला प्रयोगानंतर विचारले, “तुमच्या नाटकात बोलणारे कोण आणि गाणारे कोण? दोघेही बरे आहेत.” मला तो विनोद वाटला आणि मी तो मित्रांना सांगत सुटलो.

सुधाकराची भूमिका माझ्याकडे आली ती विश्रांती म्हणून. त्या वर्षी कार्यालयातले काम वाढले होते, रियाजाला वेळ नव्हता, आणि ‘एकच प्याला’मध्ये पदे आहेत ती मुख्यत्वे सिंधूची. सुधाकराला गायचे नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९मध्ये गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणले तेव्हा सिंधू बालगंधर्वांनी आणि सुधाकर गणपतराव बोडसांनी केला होता. एक गाणारी आणि एक बोलणारा अशी ती जोडी. मला वाटले, चला, एक वर्ष गळ्याला सुट्टी.

गडकऱ्यांचे गद्य ज्याने मोठ्याने म्हटले नसेल त्याला या गैरसमजाची जात कळणार नाही. त्यांचे वाक्य एका श्वासात संपत नाही. उपमेमागून उपमा येते, कोटीवर कोटी चढते आणि क्रियापद दूरवर पलीकडच्या काठाला उभे असते. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी मी गळा आवळून शेवटचा श्वास पिळून काढत असे. त्यात सुधाकर दारुडा. दारुड्याचा आवाज म्हणून मी एक घोगरा, खरखरीत आवाज घडवला होता आणि त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. पहिल्या तीन प्रयोगांत टाळ्याही मिळाल्या. सहाव्या प्रयोगाला, जिल्ह्याबाहेरच्या एका नाट्यगृहात, दुसऱ्या अंकात ध्वनिवर्धक बंद पडला. समोर सातशे माणसे. मी लहानपणी पडद्याआडून भाकरी मागत असे तसा बोलू लागलो. तिसऱ्या अंकात आवाज फाटला, चौथ्यात त्याचे दोन तुकडे झाले आणि पाचव्यात सुधाकर विष घेतो तेव्हा माझ्या तोंडून नुसती हवा येत होती. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात त्या हवेचे कौतुक झाले. व्यसनाने पोखरलेल्या माणसाचा संपत आलेला आवाज मी फार परिणामकारक दाखवला, असे त्यात लिहिले होते.

आठवडाभर वाट पाहून मी घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. नाकातून नळी घालून त्यांनी मला पडद्यावर माझेच स्वरतंतू दाखवले. आयुष्यभर ज्यांच्या जिवावर मिरवलो त्या दोन फिकट पांढऱ्या पट्ट्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन्हींच्या कडांवर, समोरासमोर, एकेक बारीक उंचवटा होता. मागावर सूत जोडणाऱ्याच्या बोटाला घट्टा पडतो तसाच तो घट्टा; दोन कडा एकमेकींवर आपटून पडलेला. डॉक्टरांनी विचारले, तुमचा सूर कुठला? मी म्हणालो, काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा. त्यांनी कागदावर आकडे मांडले. काळी एकमधला पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे १३९ कंपने, आणि तार षड्ज, वरच्या सप्तकातला सा, म्हणजे त्याच्या दुप्पट, सुमारे २७७. म्हणजे तेवढ्या वेळा या कडा एकमेकींना भिडतात. हळुवार भिडल्या तर वर्षानुवर्षे काही होत नाही, आवळून आदळल्या तर हे असे होते. मग ते म्हणाले, “तुम्ही गाता म्हणून हे झालेलं नाही. तुम्ही बोलता कसे, ते मला या दहा मिनिटांत ऐकू आलंय.”

तीन आठवडे मौन. कुजबुजायचेही नाही, कारण कुजबुजताना माणूस गळा अधिकच आवळतो. रात्री प्रयोगानंतर एक वाजता कडक भाकरी, शेंगाचटणी आणि झणझणीत रस्सा हाणून आडवे व्हायचे नाही, कारण पोटातले आम्ल वर येऊन घसा पोळते. सोलापूरच्या नटाला शेंगाचटणी सोडायला सांगणे म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कळले नसावे; ते कोकणातले होते. अम्मानेही आपण होऊन एक गोष्ट केली. ती घरी विड्या वळत असे, तंबाखूची पूड सगळ्या घरात उडत असे. त्या तीन आठवड्यांत ती आपले सूप आणि पानांचा ढीग घेऊन शेजारणीच्या ओसरीवर जाऊन बसू लागली. मला बोलता येत नव्हते म्हणून मी तिचे आभारही मानू शकलो नाही, आणि बोलता येऊ लागल्यावर ते राहूनच गेले.

त्या तीन आठवड्यांत घरात बोलायला माझ्याजवळ एकच माणूस उरला, तो म्हणजे नायना. चाळीस वर्षे मागांमध्ये काढल्यावर त्यांना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. मला बोलता येत नव्हते. आम्ही दोघे समोरासमोर बसत असू आणि मी आवाजाशिवाय नुसते ओठ हलवून त्यांच्याशी बोलत असे. पहिल्या दिवशी त्यांना माझे एकही वाक्य कळले नाही. ते चिडून म्हणाले, “तोंड उघड की. शब्द बाहेर काढ. नुसता ओठांमागे काय घोळवतोस?” मी पुन्हा बोललो. पुन्हा कळले नाही. मग त्यांनी मला मागावरची गोष्ट सांगितली. एवढी वर्षे त्या घरात राहून मला ती ठाऊक नव्हती, याचे मला अजून नवल वाटते.

मागावरची माणसे ओरडत नाहीत. चार माग चालू असताना ओरडून उपयोगच नसतो. ओरडणारा दोन तासांत थकतो आणि पाळी असते बारा तासांची. ती माणसे ओठ वाचतात. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडच्या माणसाला ‘कांडी संपली’, ‘ताणा तुटला’, ‘चहा आला’ हे सगळे ती तोंडाच्या ठसठशीत हालचालींनी सांगतात. प्रत्येक अक्षर ओठांवर, दातांवर, जिभेच्या शेंड्यावर नीट घडवून पुढे ठेवतात. “ओरडत होता ते तुम्ही पोरं आणि तुमची अम्मा,” नायना म्हणाले. “पडद्यामागनं तोंड दिसत नव्हतं म्हणून.”

मी इतकी वर्षे समजत होतो की मागाने मला ओरडायला शिकवले. प्रत्यक्षात त्याने शिकवले ते तो पडदा मधे आला म्हणून माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. उरलेले अडीच आठवडे मी सुधाकराची भाषणे नायनांना ओठांनी म्हणून दाखवली. मराठी त्यांना बाजारापुरती येत होती. गडकऱ्यांच्या मराठीतला एखादा शब्द त्यांना कळला नाही तर दोष शब्दाचा की माझ्या ओठांचा, हे ठरवणे अवघड होते, आणि मी तो दरवेळी माझ्याकडे घेतला. हळूहळू माझ्या लक्षात आले की शेवटच्या रांगेपर्यंत जाते ते स्वरांचे मोठेपण नव्हे, व्यंजनांची धार जाते. ‘क’ नीट फुटला, ‘त’ दातावर नीट टेकला, की आवाज निम्म्यावर आणला तरी वाक्य पोहोचते.

अर्धी गोष्ट नायनांकडून आली, उरलेली अर्धी आमच्या पायपेटीवाल्या मास्तरांकडून. मौन सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडून एकही पद म्हणवून घेतले नाही. म्हणाले, “सुधाकर बोला.” मी बोलू लागलो आणि ते एका बोटाने पेटीवर माझा आवाज शोधू लागले. साधे बोलताना तो मध्य षड्जाच्या खालीच कुठेतरी होता. राग चढला तसा तो वर सरकला. मध्यम, पंचम, आणि पाहता पाहता त्यांचे बोट तार षड्जावर जाऊन थांबले. ते तिथेच राहिले. मी बोलत होतो, ते स्वर दाबून धरून माझ्याकडे पाहत होते, आणि मी थांबलो तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. चार मिनिटे. “कुठल्या पदात तुम्ही चार मिनिटं तार षड्जावर उभे राहता?” त्यांनी विचारले. कुठल्याच नाही. गाणारा तिथे जातो, टेकतो आणि परत येतो; तिथे जाण्यातली शोभाच परत येण्यात आहे. माझा बोलणारा मात्र तिथे बिऱ्हाड थाटून बसला होता.

त्यानंतर आम्ही सहा महिने गद्याचा रियाज केला. मास्तर पेटीवर षड्ज धरत आणि मी त्याच्या आसपास बोलत असे. संताप दाखवायचा तर आवाज वर न नेता वाक्याचा वेग बदलायचा, कधी मंद्र पंचमाकडे उतरायचे, कधी एका शब्दापुरते वर जाऊन लगेच घरी यायचे. खालच्या स्वरात बोललेला राग अधिक भीतीदायक असतो, हे मला तेव्हा कळले. तालमीत इतर नट हसत. पेटीवर बसून चहा मागतो, असे माझे नावच पडले होते. गद्यालाही षड्ज असतो हे मास्तरांचे म्हणणे मला आज इतके उघड वाटते की ते कधी ठाऊक नव्हते हेच आठवत नाही.

‘कट्यार’ आले तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक डिसेंबर १९६७मध्ये पहिल्यांदा झाले तेव्हा खाँसाहेब करणारे वसंतराव देशपांडे सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि त्याआधी त्यांनी कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली होती, ही माहिती मी पावत्या फाडताना स्वतःला वारंवार सांगत असे. शिवाय त्या मूळ संचात खाँसाहेबांच्या मुलीची, झरीनाची भूमिका करणाऱ्या फैयाज या आमच्या सोलापूरच्या. एवढ्या दोन गोष्टींच्या आधारावर माणूस किती धीट होऊ शकतो, याचे मी उदाहरण आहे.

पंडित जितेंद्र अभिषेकींनी या नाटकात एक विलक्षण गोष्ट केली आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येते. एक नाटकातल्या पंडित भानुशंकरांच्या घराण्याची सलगवराळी रागातली शांत, खुलत जाणारी चाल, आणि दुसरी खाँसाहेबांची धानी रागातली, वेगाची, चमकदार. शब्द तेच आणि गळे दोन. तालमीत ती दोन्ही रूपे लागोपाठ ऐकताना मला प्रत्येक वेळी चोरी पकडली गेल्यासारखे वाटे. बाहेरचे लोक याला घराण्यांचे भांडण म्हणतात. मला ते एका माणसाच्या आतले भांडण म्हणून अधिक जवळचे होते.

खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले रागीट आहेत, दुखावलेले आहेत, गर्विष्ठ आहेत, आणि हे सगळे ते मुख्यतः बोलून दाखवतात. उर्दूचा लहेजा असलेले ते बोलणे. सोलापुरात उर्दूला काय तोटा, असे मला वाटले होते. मी माझ्या ओळखीच्या एका शिंपीचाचांकडे गेलो. अंगरखाही तेच शिवणार होते. माप घेता घेता त्यांनी माझी दोन वाक्ये ऐकली आणि टेप गळ्यात तसाच टाकून म्हणाले, “मियाँ, ये बरेली का आदमी है, बेगम पेठ का नई.” दखनीत ‘क़ाफ’चा ‘खाफ’ होतो; कलमाचे खलम होते. मी ज्या उर्दूवर विसंबलो होतो ती दख्खनची होती. “मेरे मुँह से बी नई निकलता,” असे म्हणून त्यांनी मला उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या व्याह्यांकडे पाठवले. त्या गुरुजींनी पडजिभेपाशी उमटणारा तो ‘क़’ महिनाभर माझ्याकडून घोटवून घेतला. ओठांचे नायनांनी केले होते, घशाच्या तळाचे यांनी केले.

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात होता. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांच्या स्मरणार्थ उभे असलेले हे नाट्यगृह. चार आडनावे, आणि त्यांत सोलापुरातल्या किती घरांच्या भाषा. विंगेत उभे राहिलो की मला हे दरवेळी आठवते. का, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी प्रेक्षागृहात तरुण मंडळी बरीच होती. २०१५ साली या नाटकावरचा चित्रपट आल्यापासून हे घडते. ती उत्साहाने येतात आणि मध्यंतरात ‘सूर निरागस हो’ कधी आहे, असे चहाच्या टपरीवर विचारतात. ते पद चित्रपटासाठी नव्याने केलेले आहे, नाटकात नाही, हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे असे उतरतात की मलाच अपराधी वाटू लागते. तरी ती उत्तरार्धाला थांबतात, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

‘तेजोनिधी लोहगोल’च्या आधी मी विंगेत कोमट पाण्याचे दोन घोट घेतले. आतापर्यंतच्या संतापाच्या प्रवेशात मी एकदाही तार षड्जाला बिऱ्हाड केले नव्हते. खाली मास्तरांचे बोट पट्ट्यांवर नुसतेच ठेवलेले मला दिसत होते, दाबलेले नव्हते, म्हणजे ते मोजत होते. ललत पंचम रागातले ते पद सूर्याचे आहे, आणि अठरा वर्षांपूर्वी जोर लावून मी ज्याला ढगाआड घालवला होता तो सूर्य मला तिथे आठवला. या वेळी जोर लावला नाही. पदाआधीचे वाक्य मी बोलत आणले, त्याचा शेवटचा शब्द पेटीच्या सुराला कुठे टेकला ते माझे मलाच कळले नाही, आणि मी गात होतो. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. सुरुवात झाल्याचे बहुधा त्यांच्याही ध्यानात आले नसावे. टाळी पद संपल्यावर आली; वन्स मोअरही आला. मी वाकून नमस्कार केला आणि पुढचे वाक्य घेतले.

पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी झाली. चाचा आले, त्यांनी अंगरख्याची शिवण तपासली. मास्तर आले आणि मूकपणे माझ्या गळ्याला हात लावून गेले, ताप पाहावा तसा. नायना पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना पदे ऐकू येत नाहीत. पद चालू असताना ते खाली तबलजीच्या हातांकडे पाहत बसतात आणि गद्य सुरू झाले की मान वर करतात. गर्दी पांगेपर्यंत ते दाराशी उभे राहिले. मग जवळ आले, माझा चेहरा दिव्याकडे वळवून घेतला आणि म्हणाले, “शेवटच्या प्रवेशात कट्यार हातात घेतल्यावर एक वाक्य गाळलंस.”

मी गाळले होते. सहनटांपैकी कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

“कुठलं?” मी नुसते ओठ हलवून विचारले.

त्यांनीही आवाज न काढता, एकेक अक्षर दातांवर नीट ठेवत, ते संपूर्ण वाक्य मला म्हणून दाखवले.